पायाची नाडी लागते, पण बोटापर्यंत रक्त पोचते का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : मधुमेही पाऊल

मधुमेही पावलाविषयी प्रश्न मागवले तेव्हा आलेली बरीचशी पत्रे 'जखमेवर कुठले मलम लावू?' एवढ्या एकाच प्रश्नाची होती. ती तूर्त बाजूला ठेवली आहेत. मलमाचा नंबर तिसरा. आधी पायात रक्त किती उतरते ते बघायचे, मग व्रण (चिघळलेली, न भरणारी जखम) किती खोल आहे आणि त्यात जंतू शिरलेत का ते. या दोन गोष्टी कळल्याखेरीज महागातले महाग ड्रेसिंगही पाण्यात जाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के निघाले, देशात सगळ्यात जास्त. त्यामुळे घरात एक तरी मधुमेही नाही असा वाचक आम्हाला विरळाच भेटेल. खालचे प्रश्न नावे वगळून आणि थोडे आवरून दिले आहेत.

आमच्या आरोग्य केंद्रात डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ऐकवणारे यंत्र) नाही. रक्तदाबाचे यंत्र आणि हाताची बोटे, एवढेच साधन. पुष्कळदा पायाची नाडी मला लागत नाही आणि डॉक्टरांना लागते, कधी उलटेही होते. अशा वेळी कागदावर लिहायचे काय? (परिचारिका, सत्तरी)

आधी दोन जागा पक्क्या करा. पहिली पावलाच्या पाठीवर. रुग्णाला अंगठा वर उचलायला सांगा. अंगठ्याकडे जाणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ताठ दिसते, तिच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे करंगळीच्या बाजूला, पावलाच्या उंचवट्यावर बोटे ठेवा. जागा सापडली की अंगठा सैल सोडायला सांगा. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या मागे आणि किंचित खाली, घोट्याचे हाड आणि टाचेची जाड कंडरा यांच्या मधल्या खोबणीत. पाऊल थोडे आत वळवून ढिले सोडले की ही नाडी चटकन हाताला येते.

तर्जनी, मधले बोट आणि अनामिका वापरा, अंगठा नको. दाब हलका ठेवा. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, की नाडी लागत नाही म्हणून ती आणखी दाबतात आणि होता तो ठोकाही बंद पाडतात. शंका आली तर दुसऱ्या हाताने रुग्णाच्या मनगटाची नाडी धरा. ठोके जुळले तर ती पायाची नाडी, न जुळले तर तुम्ही स्वतःच्याच बोटातले ठोके मोजत आहात. पावसात भिजून आलेला गार पाय लगेच तपासू नका, पुसून दहा मिनिटे पांघरुणाखाली राहू द्या. सूज असेल तर अर्धा मिनिट बोटे टेकवून सूज बाजूला सरू द्यावी, मग नाडी शोधावी.

पावलाच्या पाठीवरची नाडी काही निरोगी माणसांतही जन्मतःच लागत नाही. म्हणून ती एकटी न लागणे आणि घोट्यामागची न लागणे यांत दुसऱ्या गोष्टीचे वजन जास्त. दोन्ही लागत नाहीत आणि पायावर जखम आहे, असा रुग्ण ड्रेसिंग करून घरी पाठवायचा नाही. त्याच दिवशी पुढे पाठवायचा.

आता लिहिण्याचे. 'पल्सेस नॉर्मल' हे दोन शब्द केसपेपरवरून हद्दपार करा. दोन पाय, दोन जागा, चार नोंदी. प्रत्येकीपुढे 'लागते', 'लागत नाही' किंवा 'खात्री नाही'. तुमचे आणि डॉक्टरांचे मत वेगळे पडले तर 'खात्री नाही' लिहा आणि ती लागत नाही असे समजून पुढची पावले उचला. यात कोणाचा अपमान नाही. ही तपासणीच अशी आहे, की दोन अनुभवी माणसांचेही एकमत होईलच असे नाही.

नाडीच्या जोडीला आणखी एक बघता येते. रुग्णाला उताणे झोपवून दोन्ही पाय साधारण ४५ अंशांवर एक-दोन मिनिटे उचलून धरा. रक्त कमी असेल तर तळवा पांढुरका पडतो. आपल्या सावळ्या कातडीवर हा फरक तळव्यालाच दिसतो, पावलाच्या पाठीवर शोधत बसू नका. मग पाय खाटेखाली सोडून बसवा. निरोगी पावलाचा रंग लगेच पूर्ववत होतो. रक्त कमी असलेले पाऊल सावकाश रंग धरते आणि मग गडद तांबडे-जांभळे होते. नख दाबून सोडून रंग परत यायला किती सेकंद लागतात, ही मात्र फार भरवशाची खूण नाही.

आणि कोमट, गुलाबी पावलावर भाळू नका. मधुमेहात कातडीच्या रक्तवाहिन्यांचे नियंत्रण करणाऱ्या नसाही निकामी होतात. मग रक्त सूक्ष्म केशवाहिन्यांत न शिरता आडवाटेने शिरेत परतते. पाऊल हाताला ऊबदार लागते, पेशी उपाशीच राहतात. 'चालताना पोटऱ्या दुखतात का?' या प्रश्नाला नाही असे उत्तर आले तरी तेच. नसांची जाणीव गेलेल्या माणसाला दुखणे कळवणार कोण?

बाबांच्या पायाच्या अंगठ्यावरची जखम दोन महिने झाले तरी भरत नाही. पायाच्या रक्तप्रवाहाची तपासणी केली, त्यात एबीआय १.४१ आला. तपासणाऱ्याने 'एकपेक्षा जास्त म्हणजे उत्तम' असे सांगितले. मग जखम का भरत नाही? (वाचक, फोंडा)

१.४१ हा आकडा उत्तम नाही. तो निरुपयोगी आहे, आणि एका अर्थाने धोक्याचाही.

एबीआय म्हणजे घोट्याजवळचा वरचा (सिस्टोलिक) रक्तदाब भागिले दंडाचा वरचा रक्तदाब. रुग्णाला पाच ते दहा मिनिटे सपाट झोपवून ठेवायचे. दोन्ही दंडांचा दाब घ्यायचा आणि त्यातला मोठा धरायचा. मग घोट्याच्या थोडे वर पट्टा बांधून, पेन्सिलीएवढ्या डॉपलरने दोन्ही नाड्यांचा आवाज ऐकत पट्टा फुगवायचा आणि हळूहळू, सेकंदाला साधारण पाऱ्याचे २ मिमी या गतीने, हवा सोडायची. आवाज परत येतो तो आकडा टिपायचा. समजा दंडाचे १४० आणि १३२ आले, पायाच्या पाठीवर ९२, घोट्यामागे ८४. प्रचलित रीतीने ९२ भागिले १४०, म्हणजे ०.६६. काही जण मुद्दाम लहान आकडा घेतात, म्हणजे आजार निसटत नाही. कोणती रीत वापरली ते कागदावर लिहिले की झाले. ०.९ च्या खाली गेला तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असे धरतात. १.३ किंवा १.४ च्या वर गेला तर धमनी पट्ट्याने दाबलीच गेली नाही, असा त्याचा अर्थ.

कुळागरात पाणी सोडताना रबरी नळीवर पाय ठेवला तर पाणी थांबते. लोखंडी पाईपावर उभे राहिलात तरी थांबत नाही, मग आत पाणी भरपूर असो की थेंबभर. मधुमेह जुना झाला, विशेषतः मूत्रपिंडेही थकलेली असली, की पायाच्या धमन्यांच्या मधल्या थरात कॅल्शियम साचते आणि त्या लोखंडी पाईपासारख्या होतात. म्योन्केबेर्ग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात त्याला त्याचे नाव आहे. अशा पायावर पट्टा फुगवून जो आकडा मिळतो तो पाईपाच्या कडकपणाचा असतो, आतल्या पाण्याचा नसतो. बाबांच्या जखमेसाठी पायाचा एक्स-रे काढला असेल तर तो खिडकीकडे धरून बघा. कधी कधी बोटांच्या हाडांच्या फटीत रुळांसारख्या दोन बारीक पांढऱ्या समांतर रेषा दिसतात. ती कॅल्शियम भरलेली धमनी. हाडासाठी काढलेल्या फिल्मवर ती फुकटात दिसते, आणि तरीही ती बघायची राहून जाते.

यातला कपटी भाग पुढे आहे. १.४१ आला की निदान शंका तरी येते. पण खरा आकडा ०.६ असताना कडक धमनीने तो १.०५ पर्यंत उचलून दाखवला तर? रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येते आणि सगळे निश्चिंत होतात. म्हणून मधुमेहीच्या पायावर जखम असताना ०.९ ते १.३ च्या मधला एबीआय एकट्याने कधीच पुरेसा मानू नये. कमी आला तर विश्वास ठेवा, चांगला आला तर पडताळा करा.

पडताळा करायचा पायाच्या अंगठ्यावर. बोटांच्या बारीक धमन्यांत हे कॅल्शियम सहसा फार साचत नाही. साधारण अडीच सेंटिमीटर रुंदीचा चिमुकला पट्टा अंगठ्याच्या बुडाशी बांधतात आणि टोकाला प्रकाशाने रक्ताची स्पंदने टिपणारी चिमटी लावतात. अंगठ्याचा दाब भागिले दंडाचा दाब ०.७ किंवा त्याहून जास्त असेल तर बरे. समजा घोट्याला १९८ मिळाले आणि अंगठ्याला ३८. पहिल्या हिशोबाने १.४१, दुसऱ्याने ०.२७. माणूस तोच, पाय तोच. अंगठ्याचा दाब ३० च्या खाली असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा फार कमी. मग रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने जायचे, तारखा बघत बसायचे नाही. घोट्याचा दाब ५० च्या खाली असेल किंवा एबीआय ०.४ च्या खाली, तरी हीच घाई. अंगठ्याचा दाब ३० ते ६० च्या दरम्यान असेल तर परिस्थिती अधांतरी असते, आणि दोन महिने न भरलेली जखम सोबत असेल तर तोही सल्ला टाळण्याचा आकडा नव्हे.

बाबांची जखम नेमकी अंगठ्यावरच आहे, म्हणून पट्टा तिथे बसत नसेल तर दुसऱ्या बोटाचा दाब घेता येतो. तेही शक्य नसेल तर कातडीवर संवेदक चिकटवून तिथल्या प्राणवायूचा दाब मोजतात. तो २५ च्या खाली असणे वाईट. ही सोय सगळीकडे नसते, म्हणून आधी फोन करून विचारा. आणि बोटाचा दाब थंडगार एसीच्या खोलीत घेऊ देऊ नका. गारठ्याने बोटांच्या धमन्या आखडतात आणि आकडा खोटा कमी येतो. खोलीत साधी ऊब हवी, पायावर चादर हवी, आणि त्या आधीचे दोन तास विडी-सिगारेट नको.

एबीआय चुकण्याची बाकीची कारणे किरकोळ वाटतात, पण रोजची आहेत. रुग्ण बसलेला असताना मोजणे, कारण मग पाय हृदयाच्या खाली जातो आणि दाब फुगतो. एकाच दंडाचा दाब घेणे. जाड पोटरीला अरुंद पट्टा बांधणे. डॉपलर इतका दाबून धरणे, की धमनीच मिटते. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या (धमनी आणि शीर जोडलेल्या) हाताला पट्टा लावायचाच नाही. पट्ट्याखाली उघडी जखम येत असेल तर ती आधी स्वच्छ फिल्मने झाका.

कलर डॉपलरच्या रिपोर्टमध्ये 'मोनोफेजिक' लिहिले आहे. हे चांगले की वाईट? (वाचक, मडगाव)

चांगले नाही. निरोगी पायाच्या धमनीत प्रत्येक ठोक्याला रक्त जोरात पुढे, किंचित मागे, परत थोडे पुढे असे जाते. आलेखावर तीन लाटा, म्हणजे ट्रायफेजिक. वर कुठे अडथळा असेल तर खाली रक्त नुसते मंद वाहते, एकच बसकी लाट उरते. कडक धमन्यांच्या पायातही लाटेच्या आकारावरून बरेच कळते, म्हणून रिपोर्टमध्ये एबीआयबरोबर लाटांचे वर्णन आहे का बघा. कलर डॉपलर हा धमन्यांचा नकाशा आहे. अंगठ्यापर्यंत शेवटी किती दाब पोचतो हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी वर सांगितलेली बोटाची मोजणीच करावी लागते. पुढे अँजिओग्राफी ठरली तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम सांगणारी रक्ताची चाचणी) आधी तपासून घ्या, त्या रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

पुढे पाठवताना मी 'वॅग्नर २' असे लिहितो. वरच्या डॉक्टरांनी 'सिनबॅड किती?' असे विचारले. दोन्हींत फरक काय, आणि कोणते लिहावे? (तरुण डॉक्टर, डिचोली)

दोन्ही व्रणाची श्रेणी ठरवण्याच्या पद्धती आहेत. वॅग्नर सगळ्यांच्या तोंडी आहे, कारण सोपी आहे. ० म्हणजे कातडी शाबूत, १ वरवरचा व्रण, २ कंडरा, सांधा किंवा हाडापर्यंत खोल, ३ खोल आणि आत गळू किंवा हाडाला जंतुसंसर्ग, ४ बोटांचे किंवा चवड्याचे गँगरीन, ५ सगळ्या पावलाचे. तिची खोट अशी, की १ पासून ३ पर्यंत रक्तपुरवठ्याचा उल्लेखच नाही, तो एकदम गँगरीन झाल्यावर दिसतो. तुमचे दोन 'वॅग्नर २' शेजारी ठेवा. एकाच्या नाड्या ठणठणीत, दुसऱ्याच्या गायब. पहिल्याला पायावरचा भार काढून घेणे पुरेल, दुसऱ्याला आधी धमनी उघडावी लागेल. चिठ्ठी मात्र एकसारखीच.

टेक्सास पद्धतीने ही उणीव भरून काढली. खोलीचे ० ते ३ हे अंक, आणि सोबत एक अक्षर. ए म्हणजे स्वच्छ, बी जंतुसंसर्ग, सी रक्त कमी, डी दोन्ही. सिनबॅडमध्ये सहा प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला ० किंवा १ गुण. व्रण चवड्यावर की त्याच्या मागे (मागे असेल तर १). पायाच्या रक्तप्रवाहाला धक्का दिसतो का. संवेदना गेली का. जंतुसंसर्ग आहे का. क्षेत्र १ चौरस सेंटिमीटर किंवा जास्त आहे का. खोली स्नायू, कंडरा किंवा त्याखाली गेली का. एकही यंत्र लागत नाही, म्हणून गावातल्या दवाखान्याला हीच सोयीची. ३ किंवा जास्त गुण झाले की जखम रेंगाळणार असे धरून चला.

पण नुसती बेरीज पाठवू नका. टाचेवरचा ३ चौरस सेंटिमीटरचा उथळ व्रण, नाड्या नाहीत, संवेदना नाही, जंतुसंसर्ग नाही : गुण ४. चवड्याखालचा तेवढाच व्रण, नाड्या उत्तम, संवेदना नाही, पू आहे, कंडरा दिसते : गुण ४. पहिल्याला रक्तवाहिन्यांचा सर्जन हवा, दुसऱ्याला आजच्या आज पू मोकळा करणारा. म्हणून सहाही उत्तरे शब्दांत लिहा, बेरीज शेवटी कंसात. एबीआय आणि अंगठ्याचा दाब हाती असेल तर तेही आकडे द्या. रक्तवाहिन्यांचे सर्जन जखम, रक्त आणि जंतुसंसर्ग यांना प्रत्येकी ० ते ३ अशी श्रेणी देणारी 'वायफाय' पद्धत वापरतात, आणि ती तुमच्या आकड्यांवरूनच बांधली जाते. फोंड्याच्या वाचकांच्या उदाहरणातला ३८ हा दाब त्यात रक्ताच्या श्रेणी २ मध्ये बसतो.

श्रेणी लावण्याआधी घट्टा तासा. तळव्यावरच्या घट्ट्याखाली चवलीएवढे भोक दिसते आणि तासल्यावर आत रुपयाएवढी पोकळी निघते. घट्टा न काढता दिलेली श्रेणी म्हणजे झाकण बघून डबा किती भरला ते सांगणे. एक अपवाद कटाक्षाने पाळा. टाचेवर किंवा बोटावर कोरडा, काळा, घट्ट चिकटलेला खपला असेल, खालून पू येत नसेल आणि नाड्या लागत नसतील, तर त्याला हात लावू नका. रक्त नसलेल्या पायात तुम्ही केलेली प्रत्येक चिर नवी जखम ठरते, आणि तीही भरत नाही.

सासूबाईंच्या तळव्याला जखम आहे. दोन दिवसांपासून पाय लाल आणि सुजलेला आहे, पण दुखत नाही आणि तापही नाही. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे. पाच दिवसांनी दाखवले तर चालेल का? (वाचक, पेडणे)

चालणार नाही. आज न्या. पत्राचे उत्तर आम्ही फोनवर दिले आहेच, इथे इतरांसाठी.

न दुखणे आणि ताप नसणे या दोन्हींना मधुमेहात किंमत नाही. सूज, लाली, ऊब, दुखरेपणा, पू यांपैकी कोणत्याही दोन खुणा दिसल्या तर जंतुसंसर्ग धरायचा. लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरच्या आत आणि कातडीपुरती असेल तर सौम्य. २ सेंटिमीटर किंवा त्यापुढे गेली, वा आत कंडरा-हाडापर्यंत उतरली, तर मध्यम. त्यात ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप किंवा ३६ च्या खाली अंग गार, मिनिटाला ९० च्या वर नाडी, २० च्या वर श्वास, किंवा १२,००० च्या वर वा ४,००० च्या खाली पांढऱ्या पेशी, यांतल्या दोन गोष्टी मिळाल्या तर गंभीर. त्याला दाखल करावेच लागते. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पायांची ऊब ताडून बघा. लालीच्या कडेला बॉलपेनने रेघ मारा आणि वेळ लिहा. दवाखान्यात पोचेपर्यंत लाली रेघेबाहेर गेली असेल तर डॉक्टरांना तेवढे एक वाक्य पुरते. घरी ताप दिसला नाही तरी गेल्या दोन दिवसांत साखर कारण नसताना चढली का, हे आठवून सांगा. खोल पुवाची पहिली बातमी पुष्कळदा ग्लुकोमीटरच देतो.

पाय उचलून धरल्यावर लाली मावळली तर ती रक्त कमी असल्याची, न मावळली तर बहुधा जंतुसंसर्गाची. हा अंदाज आहे, त्यावर घरी थांबू नये. आणि जखम मुळीच नसताना एक पाय लाल, गरम आणि सुजलेला असेल, नाड्याही जोरात उडत असतील, तर हाडांचा चुरा करणारा शार्कोचा विकार मनात आणायला हवा. त्यात दोन पावलांच्या तापमानात २ अंशांहून जास्त फरक सापडतो, पहिला एक्स-रे साफ असू शकतो, आणि चालत राहिले तर कमान कोसळते. अशा पायाला प्लास्टर किंवा तत्सम आधार मिळेपर्यंत त्यावर भार नको.

पावलाचा रंग काळा-निळा होतोय, घाण वास येतोय, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर लागते किंवा रुग्ण गुंगीत आहे, असे असेल तर १०८ बोलवा आणि बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज किंवा जवळचे जिल्हा रुग्णालय गाठा.

जखम भरतेय की नाही हे घरच्यांना कसे पटवायचे? त्यांना रोज 'थोडी बरी' दिसते. आणि पायाची सूज उतरावी म्हणून क्रेप बँडेज घट्ट बांधावे का? (घरोघरी ड्रेसिंग करणाऱ्या ताई, काणकोण)

दुसऱ्याचे आधी. रक्तपुरवठा मोजल्याशिवाय घट्ट बांधू नका. जेमतेम रक्त उतरणाऱ्या पायाला घट्ट पट्टी म्हणजे उरलेली वाटही बंद.

मोजण्यासाठी आठवड्याचा एक वार ठरवा. जखम धुऊन, घट्टा तासून झाल्यावर सगळ्यात लांब रेषा मोजा, मग तिला काटकोनात सगळ्यात रुंद. दोन्हींचा गुणाकार. कागदी पट्टी शेजारी ठेवून त्याच अंतरावरून, त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढा. खोली निर्जंतुक, बोथट धातूच्या सळईने बघा आणि कडांखाली पोकळी किती गेली तेही. सळई तळाशी खट्ट अशी कडक, दगडासारखी लागली तर ती हाडाला टेकली आहे. जंतुसंसर्ग दिसत असताना असे लागले तर हाडात जंतू गेल्याची शक्यता बरीच वाढते, एक्स-रे आणि ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची चाचणी) करायला पाठवा. ईएसआर ७० च्या वर असेल तर संशय आणखी बळावतो. पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून विषय मिटत नाही. हाडातला बदल फिल्मवर उमटायला दोन-तीन आठवडे जातात, मग परत काढा.

चार आठवड्यांत क्षेत्र निम्मे व्हायला हवे. पहिल्या दिवशी ३ गुणिले २, म्हणजे ६. चार आठवड्यांनी २.४ गुणिले १.८, म्हणजे ४.३. डोळ्याला 'थोडी बरी' दिसते, पण घट जेमतेम २८ टक्के. ही जखम भरत नाहीये. घरच्यांना हे दोन आकडे आणि दोन फोटो शेजारी ठेवून दाखवा, वाद तिथेच थांबतो. मग कारण शोधायचे. तळव्यावरची जखम असेल तर आधी भार : रुग्ण घरात 'फक्त न्हाणीपर्यंत' अनवाणी चालतो का? जखम अडवायला रोजची वीस-तीस 'फक्त' पावले पुरेशी असतात. त्यानंतर जंतू, त्यानंतर रक्त. नाड्या लागतात म्हणून सुरुवातीला रक्त तपासले नसेल, तरी चार ते सहा आठवडे सगळे नीट करूनही जखम अडली असेल तर रक्तवाहिन्यांची तपासणी करून घ्यायचीच.

वडील लईराई देवीचे धोंड (व्रतस्थ भक्त) आहेत, दर वर्षी शिरगावला अग्निदिव्य करतात, म्हणजे निखाऱ्यांवरून चालतात. बारा वर्षे मधुमेह आहे. पायाच्या नाड्या तपासल्या, उत्तम आहेत. मग काळजीचे कारण नाही ना? (वाचक, साखळी)

नाड्यांनी रक्ताचे उत्तर दिले. संवेदनेचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची तपासणी झालेली दिसत नाही. १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा दवाखान्यात असतो. तो अंगठ्याच्या तळाला आणि पहिल्या-पाचव्या बोटांच्या मुळाशी, चवड्यावर, वाकेल इतकाच टेकवतात. घरी करायची असेल तर बोटाने स्पर्शाची चाचणी करा. वडिलांना झोपवून डोळे मिटायला सांगा. 'स्पर्श कळला की उजवा किंवा डावा म्हणा' असे सांगून तर्जनीच्या टोकाने, पिसासारखे हलके, एक-दोन सेकंद स्पर्श करा : उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवे मधले बोट, डावे मधले बोट. दाबायचे नाही, टोचायचे नाही, एकाच बोटाला दुसऱ्यांदा स्पर्श करायचा नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श चुकले तर संवेदना कमी झाली आहे.

तसे निघाले तर निखाऱ्यांवरून जाताना कुठे भाजले हे त्यांना कळणारच नाही, आणि मोजे काढताना किंवा चादरीला डाग लागल्यावर घरच्यांना कळेल. अशा पायाने या वर्षी होमखणात (निखाऱ्यांच्या होमात) उतरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. भर दुपारी देवळाच्या तापलेल्या प्रांगणात अनवाणी फिरणेही त्यातच आले. व्रताचे उपवास करणार असतील तर गोळ्या-इन्सुलिनची मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या, उपाशीपोटी साखर घसरण्याचा धोका वेगळाच. स्पर्श सहाही कळले, नाड्याही चांगल्या असल्या, तरी पाय वर्षातून एकदा तपासून घ्यायचा. संवेदना आणि रक्त या दोन्हींत उणे निघाले तर दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि पूर्वी कधी व्रण होऊन गेला असेल व संवेदना किंवा रक्त यांपैकी काही कमी असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी.